पान न उघडता केलेली चौकशी

माझ्या दुकानात येऊन कोणी ‘मोबाइलवर तसंच आलंय’ म्हणालं, की माझं डोकं फिरतं. वाशिमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज, निकाल, सातबारा, ज्याला जे लागेल ते. दिवसभर लोकांसाठी इंटरनेटवर शोधून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे त्या शोधण्याचा मला जेवढा राग आहे तेवढा कधीतरी शोधणाऱ्याला असूच शकत नाही. भरतीची जाहिरात शोधायला गेलं की सरकारी पानाच्या आधी तीन भामटे रांगेत उभे असतात आणि त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. वाचू नये म्हणूनच ते बारीक असतं. मी गिऱ्हाइकाला सांगते, हे वरचं सोड, खाली चल, पान कोणाचं आहे ते आधी बघू. गिऱ्हाईक म्हणतं, “मॅडम, वर आलं म्हणजे तेच खरं असन ना?” असं म्हणणाऱ्याला उठवून बाहेर काढावं असं वाटतं. पण धंदा आहे, म्हणून गप्प बसते.

गिऱ्हाइकांचं मी सहन केलं. घरात ते आलं तेव्हा मात्र मला सहन झालं नाही.

माझा भाऊ अनसिंगच्या बाजूला एका खेड्यात राहतो, तूर-सोयाबीन घेतो. त्याची पोरगी, म्हणजे माझी भाची, नर्सिंग शिकून एका उपकेंद्रात कंत्राटावर लागली आहे. गोड बोलणारी वगैरे अजिबात नाही. थोडी माझ्यावरच गेली आहे. तिची सोयरीक मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या अलीकडच्या एका गावात जुळली. मुलगा शाळेत शिक्षक. पाहायचा कार्यक्रम झाला, आम्ही त्यांचं घर बघून आलो, विहारात बसून मोठ्यांची बोलणी झाली, साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा होता. तोवर ती दोघं फोनवर बोलायलाही लागली होती. फोन आला की ती अंगणात जाऊन उभी राहायची, आणि परत आत येताना चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करायची. तिला तो आवडला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोंधळात ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

मुलाकडून चौकशीचं काम त्याच्या मामाकडं होतं. आमच्याकडं लग्नाआधी चौकशी करायची ती जाऊनच करायची, अशी रीत. माझा बाप आमच्या सगळ्या नात्यातला ठरलेला चौकशी करणारा. कोणाचीही सोयरीक आली की त्यालाच धाडायचे. फडक्यात भाकर बांधून तो बसनं निघायचा. स्टँडवर जो आपणहून बोलायला यायचा त्याला तो काहीच विचारायचा नाही. त्या माणसाला दुसरं काम नाही म्हणून तो तिथं बसलाय, त्याचं काय ऐकायचं, असं त्याचं म्हणणं. मग तो चक्कीवर जायचा, शाळेतल्या मास्तरांना भेटायचा, आणि शेवटी त्या घराचं ज्याच्याशी बांधावरून भांडण असेल तो शेजारी मुद्दाम शोधून काढायचा. वैर असूनही त्या शेजाऱ्यानं नाइलाजानं चांगलं सांगितलं, तर बाप घरी येऊन दोनच शब्द बोलायचा, “पोरगी द्या.” आणि चार जण अगदी एकाच शब्दांत बोलले, तर त्याचं तोंड वाकडं व्हायचं. “चौघाईनं एकाकडूनच ऐकलं हाय,” म्हणायचा, आणि तो एक कोण ते बघायला परत बस धरायचा.

या मामानं काय केलं? घरी खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलमध्ये पोरीचं नाव टाकलं.

सकाळी दुकान उघडत होते तेव्हा भावाचा फोन आला. त्याला धड बोलताही येत नव्हतं. “तुले काही तरी पाठवलं हाय, पाह्य,” एवढंच म्हणाला. मामानं सगळ्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर शोधाच्या पानाचा फोटो टाकला होता. त्या पानावर हल्ली सगळ्यात वर एक चौकट येते. तिच्यातलं कोणा माणसानं लिहिलेलं नसतं. यंत्र दहा ठिकाणचं थोडं थोडं उचलतं आणि मोठ्या शहाण्याच्या थाटात एक उत्तर तयार करून देतं. चौकटीत लिहिलं होतं, की ही वाशिम जिल्ह्यातली परिचारिका अमुक उपकेंद्रात काम करते आणि बोगस प्रमाणपत्रावर नोकरी मिळवल्याबद्दल तिच्यावर गुन्हा दाखल आहे. शेजारी फोटो. फोटो माझ्या भाचीचा, पांढऱ्या कपड्यात, हातात गुच्छ. खाली मामानं लिहिलं होतं, की बरं झालं वेळेवर कळलं.

बरं झालं म्हणे! मी शटर अर्धं खाली ओढलं, कॉम्प्युटर लावला आणि जे मामानं करायला हवं होतं ते करायला बसले.

फोटो सापडायला वेळ लागला नाही. लसीकरणाच्या शिबिरात चांगलं काम केलं म्हणून तिचा सत्कार झाला होता, त्या बातमीतला तो होता. उपकेंद्राचं नावही तिथलंच. मग गुन्ह्याची बातमी उघडली. पानाच्या डोक्यावर आजची तारीख. मीसुद्धा क्षणभर चमकले. पण ती तारीख बातमीची नव्हती. ते संकेतस्थळ आपल्या प्रत्येक पानावर आजचीच तारीख लावतं, मग बातमी केव्हाचीही असो. खरी तारीख खाली, फिक्कट अक्षरात होती. त्या वेळी माझी भाची दोन वेण्या घालून शाळेत जात होती. बातमीतली बाई विवाहित, मंगरूळपीरकडच्या एका गावातली, नाव-आडनाव भाचीचंच, पण मधे नवऱ्याचं नाव. आपल्याकडं लग्न झालेल्या बाईच्या नावात मधे नवरा येतो आणि बिनलग्नाच्या पोरीच्या नावात बाप. यंत्राला हे कळत नसेल, समजू शकते. मामाला कळत नव्हतं का? आमच्या समाजात बरीच वर्षं पोरींना त्याच त्याच चार-पाच सुंदर नावांपैकी एक ठेवायची लाट होती, प्रत्येक वस्तीत एका नावाच्या दोघी सापडतात, आणि त्यातल्या कितीतरी नर्सिंगला गेल्या. हे त्याच्या स्वतःच्या घरातही असणार.

‘पण एकाच ठिकाणी नाही, पुष्कळ ठिकाणी आलंय,’ असं ग्रुपवर कोणी तरी शहाणपण पाजळलं होतं. मी ती पुष्कळ ठिकाणंही उघडली. सगळीकडं तेच शब्द, त्याच क्रमानं. मूळ बातमीत गावाचा तालुका चुकवला होता, मंगरूळपीरऐवजी कारंजा लिहिला होता. सगळ्यांनी कारंजाच लिहिला होता. एकानंही त्या गावाला फोन लावून विचारलेलं नव्हतं. मला बाप आठवला. त्यानं ही पानं पाहिली असती तर त्याचं तोंड असं वाकडं झालं असतं की विचारू नका.

चौकटीखाली, उत्तर चुकीचं वाटत असेल तर कळवा, असं बटण होतं. ते दाबलं. कळवल्याबद्दल आभार आले. चौकट होती तिथंच राहिली.

मग मी मामाला फोन लावला. आधी गोड बोलून बघितलं, ते मला जमत नाही, पण बघितलं. तारीख सांगितली, नवऱ्याचं नाव सांगितलं, तालुक्याची चूक सांगितली.

“ताई, तुमी म्हणता तसं असन बी,” तो म्हणाला. “पण म्या आपल्या डोयानं पाह्यलं ना.”

“काय पाह्यलं तुमी? ते पान उघडलं होतं का?”

“पान कायले उघडा लागते? वरच लिहून हाय.”

“अहो, ते वरचं यंत्रानं जुळवलेलं हाय. दोघी एकत्र केल्या त्यानं.”

“यंत्र कायले खोटं बोलन, ताई? त्याचं काय आपल्यासंग वैर हाय?”

वैर नाही हे खरंच होतं. वैर असतं तर बापाच्या रीतीनं त्याचं वजन तरी करता आलं असतं. त्या यंत्राला तुमचं बरंही करायचं नसतं आणि वाईटही, त्याला फक्त उत्तर द्यायचं असतं, आणि लोक त्यालाच निष्पक्षपणा समजतात.

मामानं मग तोडगा काढला. हा माणूस तोडगे काढणाराच होता. “ते दुसरी बाई हाय म्हणता ना? तिले ढुंढा. आपल्या पोरीच्या बाजूले उभी करा आन् मले व्हिडिओ कॉल लावा. दोघी वेगवेगळ्या दिसल्या का आमचं समाधान. मंग तारीख धरू.”

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण भाऊ हात जोडायला लागला. वहिनी दोन दिवस जेवली नव्हती, वस्तीत बायका तिच्याकडं बघून आवाज खाली करत होत्या. सगळ्यात वाईट म्हणजे भाचीनं त्या मुलाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “मामा म्हणून राह्यले तं करून टाका ना एकदा. माह्या मनात काही नाई.” भाचीनं हे मला सांगितलं, अगदी सपाट आवाजात. मी म्हटलं, त्याच्या मनात काही नाही हेच तर वाईट आहे. ती म्हणाली, “चाल आत्या, जाऊन येऊ.”

मंगरूळपीरला उतरलो, तिथून ऑटोनं त्या गावाच्या फाट्यावर. ऑटोत ती माझ्याकडं पाठ करून बाहेर बघत बसली होती. फाट्यावर एक पानठेला होता. मी बाईचं नाव विचारलं, तेव्हा ठेल्यावर टेकून उभा असलेला एक जण मधेच बोलला.

“ते बोगसवाली का? टाकीच्या मांगं, निळं दार.”

दोघा-तिघांना हसू आलं. मी ते मनावर घेतलं नाही. मला त्या क्षणी बरंच वाटलं, चला, सापडली एकदाची. स्टँडवर आपणहून बोलणाऱ्याचं ऐकू नये, हे ज्या बापाच्या पोरीला पाठ असायला पाहिजे होतं ती मी, त्याच माणसाच्या बोटाकडं बघत निळ्या दाराकडं चालायला लागले.

बाई अंगणात बसून तूर पाखडत होती. माझ्यापेक्षा लहान, पण केस बरेच पिकलेले. मी नाव विचारून खात्री केली. मग सगळं सांगितलं, चौकट, फोटो, मामा, मोडत आलेली सोयरीक. भाचीला हाताला धरून पुढं केलं. “ताई, दोन मिनिटाचं काम हाय. फकस्त त्या माणसाले दिसलं पायजे का तुमी आन् हे वेगळ्या हा.”

तिचं सूप थांबलं नाही. “म्हणजे म्या काय करू? मोबाइलपुढं उभी राहून सांगू का चोर मी हाव, हे पोरगी नाई?”

“चोर कोण म्हणून राह्यलं तुमाले?”

“मंग इतक्या दुरून कायले आल्या? माही तब्येत पाह्यले?”

मी भाचीचा हात सोडला.

“माह्या कागदात काही खोट नव्हती,” ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, हातातल्या तुरीकडं बघत ती बोलत होती, आणि असं सांगायची तिला सवय झालेली दिसत होती. “हापिसात दुसऱ्या कोणाचे कागद माह्या नावावर लागले. साऱ्या चौकश्या झाल्या, कोर्ट झालं, सुटली मी. त्या बातमीवाल्याकडं गेली. म्हटलं, मले पकडलं ते लिहिलं, आता सुटली ते बी लिहा. म्हणे बाई, ते बातमी जुनी झाली. जुनी झाली तं काढून टाक ना मंग! ते बी नाई. आता कुठं कामाले गेली का आधी नाव टाकतात. नाव टाकलं का मी बोगस निंगते. तुमची पोरगी एका मामाच्या मोबाइलवर निंगाली तं तुमी गाडी करून आल्या. माह्यासाठी कोण आलं?”

मला तिचाच राग आला. खरं सांगते, मला तिची दया आली नाही, राग आला. मी माझ्या भाचीला सोडवायला आले होते, आणि ही बाई म्हणत होती की भाचीऐवजी बोट दाखवायला इथं दोषी कोणी नाहीच. शिवाय स्वतःच्या तोंडानं कोणीही स्वतःला निर्दोष म्हणेल. मी तसं बोललेही. “तुमी म्हणता ताई, पण त्याले काही…”

माझं वाक्य अर्ध्यावर तुटलं, कारण कमरेएवढ्या भिंतीपलीकडून दुसरी एक बाई बोलायला लागली. हातात बादली, चेहरा आंबलेला.

“अवं बाई, आमचं हिचं बोलणं नाई,” ती मला म्हणाली. “नालीवरून भांडण हाय. म्या हिच्या दारात पाय ठेवत नाई, हिचं तोंड बी पाहत नाई. पण हे सुटली ते खरं हाय. माहा दीर त्या दिवशी कोर्टात होता, त्यानं आपल्या कानानं ऐकलं. लोकं काही बी बोलतात.”

एवढं बोलून तिनं बादलीतलं पाणी मुद्दाम भिंतीच्या या बाजूला येईल असं फेकलं आणि आत निघून गेली.

ही अशी साक्ष मिळवायला माझा बाप अख्खा दिवस घालवायचा. मला ती न मागता मिळाली, आणि मला ती नको होती. त्या घाणेरड्या चौकटीतली एक अर्धी ओळ खोटी आहे, असं मी आठवडाभर ओरडत होते. उरलेली अर्धी मी डोळे मिटून खरी धरली होती आणि तिच्या जोरावर इथवर आले होते. अंगणात उभी राहून मला माझा, मामाचा, त्या बाईचा, सगळ्यांचा संताप येत होता आणि तो कुठं टाकावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मामाचा व्हिडिओ कॉल. आम्ही पोचलो असणार हे त्याला भावानं कळवलं होतं.

मी फोन कापणार होते. भाचीनं तो माझ्या हातातून घेतला. पडद्यावर मामाची हनुवटी आणि वर फिरणारा पंखा दिसत होता.

“हं, भेटली का? दाखवा कुठं हाय ते,” मामा म्हणाला.

बाईनं पदर तोंडावर ओढला. भाचीनं फोन तिच्याकडं वळवला नाही. स्वतःच्या चेहऱ्यासमोर नीट, हात लांब करून धरला.

“कोण पायजे तुमाले?”

“ते बोगसवाली वं. जिच्यासाठी गेल्या तुमी.”

“मीच हाव.”

“अवं तू नाई. ते दुसरी, ते…”

“दुसरी कोणी नाई, मामा. तुमच्या मोबाइलवर आलं ना? मंग ते मीच हाव. नीट पाहून घ्या, फोटो बी हाय. पान उघडू नका. वरच लिहून हाय.”

आणि तिनं फोन कापला.

“अवं पोरी, काय केलं हे!” मी ओरडले. “आता तो हे साऱ्या ग्रुपवर सांगन! तुया बापाले काय सांगू मी?” आणखीही पुष्कळ बोलले. तिनं ऐकून घेतलं. ती रडत नव्हती, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता.

बाईनं पदर बाजूला केला. पहिल्यांदाच तिनं भाचीकडं नीट पाहिलं.

“काहून बोलली वं असं? तुयं लग्न हाय ना?”

“होतं,” भाची म्हणाली.

सूप खाली ठेवून बाईनं भिंतीकडं पडलेलं एक रिकामं पोतं झटकलं आणि आमच्यापुढं अंथरलं. आम्ही बसलो. आता भाचीचा फोन वाजला. या वेळी मामा नव्हता, तो मुलगा होता. भाचीनं पडद्यावरचं नाव पाहिलं, फोन उलटा करून पोत्यावर ठेवला आणि वाजत असतानाच बाईच्या सुपातले खडे वेचायला लागली.